फरशी किती सावकाश तापते, हे थर्मोस्टॅटला शिकू द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातपुड्यातल्या तोरणमाळला पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या आहेत, प्रत्येक १२ बाय १४ फुटांची. फरशी तापवण्यासाठी कोब्यात १६ मिमीचे पेक्स (गरम पाण्याचे प्लास्टिक) पाइप, वर कोटा फरशी, बाहेर हवेतली उष्णता ओढून पाणी गरम करणारा हीट पंप आणि प्रत्येक खोलीत ‘सेल्फ-लर्निंग’ म्हणजे अनुभवातून स्वतः शिकणारा म्हणून घेतलेला थर्मोस्टॅट. सकाळी ६ ला २१ अंश लावले आहेत, तर यंत्र रात्री अडीचलाच चालू होते. दुपारी खोली २५ वर जाते. एका खोलीत थर्मोस्टॅटवर ज्योतीची, म्हणजे उष्णता मागत असल्याची, खूण दिसत राहते, पण फरशी थंडगार. हे शिकणे-बिकणे बंद करून साधे चालू-बंद ठेवावे का?

नको, निदान आत्ता तरी नको. अडीचला चालू होणे बरोबर आहे, त्याचा हिशोब खाली दिला आहे. दुपारचे २५ ही वेळापत्रकाची चूक आहे. आणि ज्योत असून फरशी थंड, हा शिकण्याचा दोषच नव्हे. तिथे वायर चुकीच्या जागी गेली असेल किंवा व्हॉल्व अडकला असेल.

आधी फरशीचा हिशोब. ६५ मिमी कोबा म्हणजे चौरस मीटरला साधारण १३० किलो. त्यावर २५ मिमी कोटा, तो आणखी ६० किलो. हे १९० किलोचे ओझे एक अंशाने तापवायला सुमारे ४७ वॅट-तास लागतात. तुमची खोली साडेपंधरा चौरस मीटरची, म्हणजे फरशीच्या प्रत्येक अंशाला पाऊण युनिट (किलोवॉट-तास) उष्णता. रात्रीत फरशी १९ पर्यंत उतरली आणि सकाळी ती २५ ला हवी, तर साडेचार युनिट लागले. पाइपातून खोलीला सव्वा किलोवॉट मिळत असेल तर साडेतीन तास झाले. सहातून साडेतीन वजा करा: अडीच. थर्मोस्टॅटने हेच गणित काढले आहे, फक्त त्याने कोबा मोजला नाही. रोज सकाळी खोली किती वाजता २१ वर पोचली एवढेच पाहिले.

धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. मे महिन्यात ऊन दुपारी पडते आणि मातीतून ती ऊब घरात उतरते रात्री. फरशीखालचे पाइप म्हणजे तेच धाबे, फक्त पायाखाली आणि हिवाळ्यात. उष्णता आत्ता टाकायची आणि चार तासांनी मिळवायची.

साधा चालू-बंद थर्मोस्टॅट इथेच फसतो. खोली २१ झाली की तो व्हॉल्व बंद करतो, पण फरशी तेव्हा २६ वर असते आणि पुढचा दीड-दोन तास देत राहते. खोली साडेबावीस-तेवीसपर्यंत चढते. मग उतरत साडेवीस झाली की तो पुन्हा उघडतो, पण पाइपातली ऊब फरशीच्या वर यायला अर्धा-पाऊण तास लागतो, तोवर खोली साडेएकोणीस. पाहुणा एकदा खिडकी उघडतो, एकदा रजई ओढतो. साध्या गिझरला किंवा हवा तापवणाऱ्या हीटरला ही पद्धत चालते, कोब्याला नाही.

फरशीच्या बाजूने एक गोष्ट मात्र चांगली आहे, आणि ती थर्मोस्टॅटशिवायच घडते. फरशी खोलीला किती उष्णता देते, ते दोघांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. ईएन १२६४ या युरोपीय मानकातल्या सूत्राने फरशी २४ आणि खोली २१ असेल तर चौरस मीटरला सुमारे ३० वॅट मिळतात. उन्हाने खोली २२ झाली की तीच फरशी १९ वॅटच देते. एका अंशात तिसरा हिस्सा कमी. म्हणून फरशी जितकी कोमट ठेवाल तितकी ती स्वतःच सांभाळून घेते, आणि जितकी तापवाल तितकी हाताबाहेर जाते. हा मुद्दा पुढे पाण्याच्या तापमानाला लागेल.

आता ‘सेल्फ-लर्निंग’ म्हणजे काय? दुकानात या एका नावाखाली तीन वेगळी कामे विकली जातात.

पहिले काम: वेळेआधी किती सुरू करायचे ते शिकणे. तुम्ही ‘६ वाजता २१’ सांगता, ‘किती वाजता सुरू हो’ हे सांगत नाही. समजा यंत्राने पहिल्या दिवशी अंशाला ३० मिनिटे धरली. खोली साडेसतरा, हवेत साडेतीन अंश, म्हणजे पावणेदोन तास, सव्वाचारला सुरुवात. सहाला खोली १९ वरच. यंत्र चूक नोंदवते आणि दुसऱ्या दिवशी आकडा वाढवते, पण पूर्ण नाही, काही हिस्साच. नाहीतर एका विचित्र रात्रीने सगळे बिघडेल. ३०, ४०, ४८, ५५ असे करत आठ-दहा दिवसांत तो आकडा तुमच्या खोलीत ६० च्या आसपास थांबतो. स्वस्त मॉडेल फक्त खोलीचे तापमान पाहतात. बरी मॉडेल बाहेरचे तापमानही जोडतात. त्यामुळे बाहेर १४ असलेल्या रात्री ती उशिरा जागतात आणि ५ असलेल्या रात्री लवकर.

दुसरे काम: व्हॉल्व किती वेळ उघडा ठेवायचा ते शिकणे. इथे यंत्र २१ ची वाट पाहत नाही. खोली जवळ येऊ लागली की तुकड्या-तुकड्याने उष्णता देते. २० मिनिटांच्या फेऱ्यात ४० टक्के गरज असेल तर ८ मिनिटे उघडा, १२ मिनिटे बंद. गरज किती, हे ते दोन गोष्टींवरून ठरवते: आत्ता किती कमी आहे, आणि गेले काही तास किती कमी राहत आले आहे. फरशीला प्रतिसाद द्यायला किती उशीर होतो हे कळले की ते दोन्हींचे वजन बदलते. घरातल्या फ्लोअर हीटिंगला खरा उपयोग याच कामाचा आहे, आणि जाहिरातीत त्याचाच उल्लेख सर्वांत कमी असतो.

तिसरे काम: माणसाच्या सवयी शिकणे. कोण कधी बटण फिरवतो, खोलीत हालचाल कधी असते, त्यावरून वेळापत्रक बनवणे. पाहुण्यांच्या खोलीत याचा उपयोग शून्य, तोटा भरपूर. शनिवारी नाशिकचा पाहुणा रात्री ११ ला २४ करून गेला, म्हणून पुढच्या शनिवारी सुरतच्या पाहुण्याची खोली भट्टी. हे काम मेनूत शोधून बंद करा. पहिली दोन चालू ठेवा.

शिकणारे यंत्र समोर येईल ते शिकते, चुकाही शिकते. म्हणून शिकायला बसवण्याआधी पाण्याची बाजू नीट लागते. इथे थोडे थांबून पाहा, कारण बहुतेक तक्रारी थर्मोस्टॅटच्या नावावर येतात आणि मॅनिफोल्डजवळ (जिथून पाणी प्रत्येक खोलीच्या पाइपात वाटले जाते तिथे) निघतात.

पाइपाची लांबी: १६ मिमीच्या एका लूपला, म्हणजे मॅनिफोल्डपासून निघून परत येणाऱ्या एका सलग पाइपाला, ८० ते १०० मीटर ही मर्यादा धरा. तुमच्या खोलीत पाइप २० सेंमी अंतरावर असतील तर चौरस मीटरला ५ मीटर, म्हणजे ७८ मीटर आणि मॅनिफोल्डपर्यंत जाण्या-येण्याचे वेगळे. बसते. १५ सेंमी अंतर घेतले असेल तर शंभराच्या वर गेले. तिथे दोन लूप हवे होते. एकच असेल तर त्या खोलीला पाणी कमी पडेल आणि थर्मोस्टॅट ‘ही खोली मंद आहे’ असे शिकेल.

प्रवाह: खोलीला ११०० वॅट हवेत आणि पाणी जाता-येता ५ अंशांनी उतरते असे धरले तर मिनिटाला ३.२ लिटर, ७ अंशांनी उतरले तर २.३ लिटर. मॅनिफोल्डवरच्या काचेच्या नळ्यांत हा आकडा दिसतो. चारही खोल्यांचे थर्मोस्टॅट ३० वर करून सगळे व्हॉल्व उघडा, पंधरा मिनिटे थांबा, मग प्रत्येक नळीची चावी फिरवून प्रवाह लावा. जवळच्या लूपला फुकटचे जास्त पाणी जाते, त्याला आवळावे लागते. नळीतला दर्शक थरथरत असेल तर हवा अडकली आहे. एक-एक लूप वेगळा उघडून हवा काढा, सगळे एकदम उघडून ती निघत नाही.

पाण्याचे तापमान: ‘लवकर तापावे’ म्हणून प्लंबर ५० लावून जातो. तुमच्याकडे ते नक्की तपासा. कोटा फरशी आणि बऱ्यापैकी इन्सुलेशन असलेल्या खोलीला तोरणमाळच्या थंडीत ३५ ते ३८ अंशांचे पाणी पुरायला हवे. ५० च्या पाण्याने तीन बिघाड एकदम येतात. फरशीवर पाइपाच्या रेषेत गरम-थंड पट्टे उमटतात. थर्मोस्टॅट लवकरच ‘पुरे’ म्हणतो आणि त्याच्या शिकण्याला काही आकार येत नाही. आणि हीट पंपाचे वीजबिल वाढते, कारण पाणी जितके गरम मागाल तितकी त्याची दमछाक. पाणी कोमट, वेळ जास्त, हे फरशीचे तंत्र. हीट पंपात बाहेरच्या तापमानानुसार पाणी बदलण्याची सोय असतेच: बाहेर १५ असताना ३०, बाहेर ५ असताना ३७, असे दोन बिंदू लावून द्या.

चारही व्हॉल्व एकदम बंद झाले तर हीट पंपाने पाणी कुठे ढकलायचे? बाथरूमचा एक लूप ॲक्चुएटर (थर्मोस्टॅटच्या सांगण्यावरून व्हॉल्व उघडणारे विजेचे टोपण) न लावता कायम उघडा ठेवा, किंवा किलोवॉटला १५-२० लिटर या हिशोबाने बफर टाकी, म्हणजे गरम पाणी साठवणारी मधली टाकी, घ्या. दोन्ही नसेल तर कॉम्प्रेसर दर पाच मिनिटांनी सुरू-बंद होतो. चार थर्मोस्टॅट आपापल्या वीस मिनिटांच्या फेऱ्यांत वेगवेगळे उघडझाप करतात, त्यामुळे हे अधूनमधून नव्हे तर रोज घडते.

कोबा यंदाच टाकला असेल तर आणखी एक पथ्य. सिमेंटच्या कोब्याला २१ दिवस झाल्याशिवाय गरम पाणी सोडत नाहीत. मग तीन दिवस २५ अंशांचे पाणी, त्यानंतर चार दिवस ठरलेल्या कमाल तापमानाचे. या काळात थर्मोस्टॅट हाताने चालवा. ओल्या कोब्यातले पाणी उडण्यात बरीच उष्णता जाते, त्यामुळे तेव्हा शिकलेला आकडा खोटा असतो. ओल पूर्ण जायला पहिला हिवाळाच जातो. दुसऱ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला शिकलेले पुसून नव्याने शिकवा.

आता थंड फरशीची खोली. सगळे थर्मोस्टॅट १० वर करा, फक्त ती खोली २८ वर. मॅनिफोल्डजवळ जाऊन उभे राहा. बहुतेक ॲक्चुएटर मेणाचे असतात. आतले मेण तापून फुगते तेव्हा व्हॉल्व उघडतो, त्याला तीन ते पाच मिनिटे लागतात. दहा मिनिटांनी कोणत्या ॲक्चुएटरची खूण वर आली ते पाहा. दुसऱ्याच खोलीची आली, तर वायरिंग सेंटरमध्ये (थर्मोस्टॅट आणि ॲक्चुएटरच्या वायरी जिथे जोडतात त्या पेटीत) दोन खोल्यांची अदलाबदल आहे. हा दोष भयंकर फसवा असतो. पहिल्या खोलीचा थर्मोस्टॅट दुसरी खोली तापवत बसतो, दुसऱ्याला वाटते आपल्याला काहीच करावे लागत नाही, आणि दोघेही दहा दिवसांत चुकीचे पाठ पक्के करतात. वायर सुधारल्यावर दोन्ही थर्मोस्टॅटचे शिकलेले पुसायला विसरू नका.

खूण बरोबर जागी वर आली, पण नळीतला दर्शक हलला नाही, तर ॲक्चुएटर फिरवून काढा. खाली व्हॉल्वची पिन दिसेल. अंगठ्याने किंवा लाकडाच्या तुकड्याने दाबा; ती दबून स्प्रिंगने परत वर यायला हवी. आपल्याकडे ही यंत्रणा फेब्रुवारीअखेर बंद होते ती थेट नोव्हेंबरात उघडते, आठ-नऊ महिने पिन एकाच जागी. अडकणारच. पकडीने ओढू नका, पिन उपटून येते आणि पाण्याची चिळकांडी तोंडावर. हळू टिचक्या मारत मोकळी करा.

खूणच वर आली नाही, तर व्होल्टेज मोजा. रात्री १७०-१८० व्होल्ट मिळत असतील तर मेण तापायला कितीतरी जास्त वेळ लागतो, कधी ते पुरते फुगतच नाही. थर्मोस्टॅट मात्र ‘उघडला’ असेच समजतो.

विजेचा मुद्दा निघालाच आहे तर तो पुरा करू, कारण सातपुड्यात शिकणाऱ्या थर्मोस्टॅटचा मुख्य शत्रू थंडी नाही, गेलेली लाइट आहे. रात्री ३ ते ५ वीज गेली. थर्मोस्टॅट इन्व्हर्टरवर किंवा सेलवर असल्याने जागा आहे, उष्णता मागतो आहे. हीट पंप बंद. सहाला खोली १८. यंत्राचा निष्कर्ष: खोली आणखी मंद झाली, उद्या दीडला सुरू करू. एखाद्या रात्रीने फरक पडत नाही, कारण ते एका दिवसाची चूक थोडीच उचलते. पण रोज त्याच वेळी वीज जात असेल, किंवा रात्रीचे सिंगल फेजिंग होत असेल (तीनऐवजी एकच फेज मिळत असेल) आणि हीट पंप तीन फेजचा असेल, तर आठवड्याभरात आकडा फुगतो आणि वीज टिकलेल्या रात्री खोली चार वाजताच २२ होते.

उपाय दोन. थर्मोस्टॅट, वायरिंग सेंटर आणि हीट पंप एकाच पुरवठ्यावर ठेवा, म्हणजे उष्णता देणारा झोपला की मागणाराही झोपेल. चांगल्या थर्मोस्टॅटमध्ये शिकलेले आकडे वीज गेली तरी पुसले जात नाहीत. फार तर घड्याळ मागे पडते, तेवढे तपासून घ्या. हे जमत नसेल आणि वीज रोजच जात असेल, तर पहिले काम, म्हणजे वेळेआधी सुरू होण्याचे शिकणे, बंद करून ठरावीक वेळ लावा. दुसरे काम तरीही चालू ठेवा.

दुपारचे २५ कसे उतरवायचे? बाहेरच्या तापमानाकडे पाहा. धुळे कृषी महाविद्यालयाच्या नोंदीत पारा ५-६ अंशांवर आला की पेपरात बातमी येते, सातपुड्यातल्या डाब गावाकडचे दव गोठल्याचे फोटो येतात. पण त्याच दिवशी दुपारी सपाटीवर २७-२८ असते आणि माळावरही ऊन चांगले चटकते. पहाटे थंड, दुपारी उबदार, हे आपल्या हिवाळ्याचे रूप आहे. युरोपात ज्या घरांसाठी हे थर्मोस्टॅट बनले, तिथे दिवसभर ढग आणि दिवसभर थंडी. तिथले ‘सकाळी ६ ते रात्री १० सलग २१’ हे तयार वेळापत्रक इथे घेतले की सकाळी १० पर्यंत फरशी भरत राहते आणि अकराला दरीकडच्या काचेतून ऊन आत येते. दोन्ही मिळून २५.

म्हणून सकाळची मागणी साडेआठलाच उतरवा. ६ ला २१, साडेआठला १८. फरशीत साठलेले अकरापर्यंत पुरते, पुढे ऊन आहेच. मग दुपारी ४ ला पुन्हा २१. चार वाजता का? बाहेर तेव्हा १८-२० असते, पहाटे ५-६. हवेतली उष्णता ओढणाऱ्या यंत्राला दुपारची हवा कितीतरी सोपी. तेवढ्याच उष्णतेला वीज कमी लागते. शिवाय पहाटे तलावाकडून धुके आले की बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटे तुमच्याच पाण्यातली उष्णता परत घेते. चार ते नऊ फरशी भरून घ्या, रात्री १० ला १९.५ पर्यंतच उतरवा. मग पहाटे भरायचे फारसे राहत नाही आणि थर्मोस्टॅट आपोआप अडीचऐवजी साडेचारच्या सुमारास जागू लागेल. त्याला हे सांगावे लागत नाही, आठवड्यात कळते. रात्री १६ वर सोडून पहाटे २१ वर ओढण्यात बचत आहे असे सांगणारे भेटतात; हीट पंप आणि जाड कोबा असेल तिथे ती बचत पहाटेच्या महाग उष्णतेत जाते.

सोमवार ते गुरुवार खोल्या रिकाम्या राहणार असतील तर मात्र १४-१५ वर ठेवा. पण तेव्हा शिकलेल्या आकड्यावर विसंबू नका. बहुतेक थर्मोस्टॅटला वेळेआधी सुरू होण्याची कमाल मर्यादा असते, काही तासांचीच. चार दिवस थंड पडलेल्या खोलीत भिंतीही गारठलेल्या असतात. नऊ इंची विटेची भिंतही बरीच उष्णता गिळते. शुक्रवारी संध्याकाळी पाहुणे असतील तर गुरुवारी रात्रीच हाताने किंवा सुट्टीच्या मोडमधून २० लावा. तो दिवस शिकण्यात धरला जाऊ नये अशी सोय मेनूत असेल तर वापरा.

मेनूतल्या सेटिंगबद्दल थोडे. ‘हीटिंगचा प्रकार’ विचारला की फ्लोअर किंवा स्लो निवडा. कारखान्यातून तो बहुधा रेडिएटरवर येतो, आणि शिकणे तिथूनच वाकडे सुरू होते. ताशी फेऱ्या तीन. सहा किंवा बारा असतील तर पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्यात मेणाचा ॲक्चुएटर पुरता उघडतही नाही. ॲक्चुएटर वीज नसताना बंद राहणारा आहे की उघडा राहणारा, ते त्याच्या अंगावर लिहिलेले असते; थर्मोस्टॅटमध्ये उलटे निवडले तर खोली गरम झाली की आणखी तापते. फरशीचा सेन्सर असेल तर कमाल २८ लावा. ईएन १२६४ मानकात बसण्या-उठण्याच्या जागेसाठी २९ ची मर्यादा आहे, बाथरूमला ३३. ‘खिडकी उघडली’ हे ओळखणारी सोय बंद करा: खोलीत गार झुळूक आली की ती अर्धा तास व्हॉल्व मिटते, आणि ती तूट फरशीत उतरते तेव्हा खिडकी केव्हाच लागलेली असते. पाहुण्यांसाठी वरची मर्यादा २३ वर कुलूपबंद करा. ३० लावले की लवकर तापते असे पाहुण्याला वाटते. फरशी त्याच गतीने तापते, फक्त थांबत नाही.

थर्मोस्टॅटची जागा: जमिनीपासून चार-पाच फूट, आतल्या भिंतीवर, पडद्यामागे नको, टीव्हीच्या वर नको. आणि मागची वायरची नळी पुट्टी किंवा कापसाने बुजवा. छतातून येणारी थंड हवा त्या नळीतून थर्मोस्टॅटच्या पोटात शिरते आणि तो खोलीपेक्षा दोन अंश कमी दाखवतो. यासाठी अर्धा दिवस खर्चून सॉफ्टवेअर तपासणारे आहेत.

फरशीवर गाद्या घालून झोपवत असाल तर तेही लक्षात घ्या. खोलीभर गाद्या आणि सतरंज्या अंथरल्या की उष्णता खाली कोंडते, खोली तापायला वेळ लागतो, आणि दुसऱ्या दिवशी गाद्या उचलल्यावर थर्मोस्टॅट कालच्याच हिशोबाने खूप लवकर सुरू होतो. खाट बरी.

हे सगळे लावल्यावर दहा दिवस हात लावू नका. रोज सकाळी तीन आकडे वहीत लिहा: ज्योत किती वाजता लागली, ६ ला खोली किती, ११ ला किती. सहाचा आकडा दहा दिवसांत २०.५ ते २१.५ मध्ये स्थिरावायला हवा. स्थिरावत नसेल आणि वीज नीट असेल, तर पुन्हा मॅनिफोल्डकडे जा, थर्मोस्टॅटकडे नको.

हेच वाचून जळगाव-भुसावळ किंवा धुळ्याच्या बंगल्यात हे बसवावे का असे कोणी विचारेल. मुख्य खोल्यांत नको. थंडी दोन महिने, तीही पहाटेपुरती. जाड कोबा सकाळी टाकलेली ऊब दुपारी देईल, जेव्हा पंखा लावायची वेळ असते. बाथरूमपुरते हवे असेल तर टाइलच्या लगेच खाली बसणारी विजेची चटई घ्या, चौरस मीटरला १५० वॅटची. तीन चौरस मीटरला ४५० वॅट झाले. ती अर्ध्या-पाऊण तासात तापते आणि तिथे वेळेआधी सुरू होणारा थर्मोस्टॅट दोन-तीन दिवसांत अचूक होतो. तिला ३० मिलिॲम्पियरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवीच, आणि फरशीचा सेन्सर वेगळ्या नळीत, दोन तारांच्या मधोमध. थेट सिमेंटमध्ये गाडला तर बिघडल्यावर टाइल फोडावी लागते.

उन्हाळ्यात याच पाइपातून थंड पाणी फिरवायचा मोह होतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते, १०-१२ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे २० अंशांच्या फरशीला घाम फुटत नाही. पहिल्या पावसानंतर तो २२ च्या वर जातो आणि तीच फरशी ओली होऊन पाय घसरतो. आर्द्रतेचा सेन्सर नसेल तर या भानगडीत पडू नका. तोरणमाळला तशी गरजही नाही.

फेब्रुवारीअखेर बंद करताना मेन एमसीबी पाडून जाऊ नका. वायरिंग सेंटरमध्ये आठवड्यातून एकदा व्हॉल्व आणि पंप थोडा वेळ हलवण्याची सोय असते, ती चालू राहू द्या. तिला लागणारी वीज नगण्य आहे. थर्मोस्टॅट फक्त ‘बंद’ मोडवर ठेवा. सेलवर चालणारा असेल तर सेल काढून ठेवा, बंद खोलीत उन्हाळ्यात ते गळू शकतात. नोव्हेंबरात सुरू करताना आधी ॲक्चुएटर काढून चारही व्हॉल्वच्या पिना हाताने दाबून पाहा, मग ॲक्चुएटर परत बसवा.